माझ्यासाठी एक मिनिट शांतता

मंगळवारी सकाळी मी बाजारात वजडी घ्यायला गेलो, तर मला बघून नॉर्मनच्या हातातला सुरा गळून पडला. थोडक्यात निभावलं, नाहीतर पायाचा अंगठाच गेला असता. नॉर्मन म्हणजे आमच्या कॉल्डरबीच्या बाजारातला वजडीवाला. तीस वर्षं मी त्याच्याकडून वजडी घेतोय, आणि तीस वर्षं तो मला त्याच त्या दोन ठरलेल्या शिव्या देऊन वर व्हिनेगर ओततोय. त्या दिवशी शिवी नाही, काही नाही. तोंड त्याच्या मालासारखं पांढरं पडलेलं. “एको?” तो म्हणाला. “अरे, तू... तू तर...” मी म्हटलं, “काय झालं? भूत बघितलंस काय?” “हो,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि ओल्या हाताने त्याने माझं मनगट चाचपून बघितलं. “शनिवारी आम्ही तुझ्यासाठी उभे राहिलो होतो. मॅचच्या आधी. एक मिनिट. आख्खं मैदान, टोप्या काढून. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बाहेरगावची ती वांड पोरंसुद्धा गप्प होती. मी रडलो रे, हरामखोरा!”

मी हसलो. आपण मेल्याची बातमी ऐकून माणसाला आधी हसूच येतं. मुलीच्या बाळंतपणासाठी मी आणि माझी बायको मॉरीन ब्रिस्टलला जाऊन राहिलो होतो, सोमवारी संध्याकाळी परत आलो, त्यामुळे आमच्या दारावर कुणी थाप मारली असेल तर ती रिकाम्या घरावर. नॉर्मन सांगत होता. हॉस्पिटलमधून फुटबॉल क्लबला फोन आला, की तुमचा एक जुना काळा खेळाडू गेला, पुढे-मागे कुणी नाही, काय करायचं? क्लबने ना नाव विचारलं, ना त्यांना माझी बायको आठवली; सांगितलं, आम्ही करतो सगळं. मग भोंग्यावरून माझं नाव, एको अमिसा, आपल्या क्लबचा पहिला काळा खेळाडू, डावी बाजू सांभाळणारा, आपल्या सगळ्यांचा लाडका. हे सगळं ऐकताना माझं हसू मधेच अडकलं. हॉस्पिटल कशाला खोटं बोलेल? कुणीतरी गेलंच होतं. कुणीतरी म्हातारा, काळा, ज्याने मरताना नर्सला सांगितलं असेल की मी कॉल्डरबीकडून खेळलोय. आणि क्लबकडे त्या काळात असे दोघेच. त्यातला एक मी. मी तर इथे पिशवी धरून उभा.

अल्फोन्सो. अल्फोन्सो प्रेस्कॉड, बार्बाडोसचा. माझा गुडघा गेला त्या वर्षी माझ्या जागी आणलेला. क्लबच्या माणसांना वाटलं असेल की एक दिवा गेला की त्याच मापाचा दुसरा लावायचा. मी त्याचा राग करणार होतो. ठरवलं होतं तसं. पण पहिल्याच दिवशी तो लंगडत, माझीच नक्कल करत खोलीत आला आणि म्हणाला, “साहेब, आपली खुर्ची गरम ठेवायला आलोय, बसू का?” यावर कोण रागावणार? माझ्यापेक्षा तो चांगला खेळायचा. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. पण पहिल्या मॅचला त्याने बॉल घेतला आणि चार हजार माणसं ओरडली, “शाब्बास, एको!” त्याने थांबून वाकून नमस्कार केला. सगळ्यांना वाटलं मजा करतोय. पुढच्या मॅचला तेच. आख्खा सीझन तेच. म्हणजे त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो, हेच तर दुखणं आहे. लाड करायचे. माझ्या केसांना हात लावला की क्लब जिंकतो, असं गावाने ठरवून टाकलं होतं. इथे धुरांडं साफ करणारा लग्नात आला की नवरीला शुभ, तसा मी शुभ. किती लग्नांना नेलं मला, किती अनोळखी नवऱ्यांच्या देखत त्यांच्या बायकांच्या गालाचे मुके घेतले असतील! पुढे अल्फोन्सोलाही नेऊ लागले. आणि त्याच्या फोटोवर बोट ठेवून लोक सांगायचे, हा आमचा एको.

नॉर्मन एव्हाना टपरीच्या बाहेर आला होता, दोन्ही हात तोंडाभोवती धरून. “थांब, आख्ख्या बाजाराला ओरडून सांगतो!” मी त्याचा हात खाली ओढला. का ओढला ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. “मयत कधी आहे?” मी विचारलं. “गुरुवारी. अकराला. सगळं गाव येणार बघ. मिल बंद पडल्यापासून दुसरं काम काय आहे इथे? बँडवालेसुद्धा म्हणाले, फुकट वाजवतो.” आणि तेव्हा मला ते दिसलं: टेकडीवरची ओली दफनभूमी, आणि गर्दी. काळ्या कोटांची, गुडघाभर चिखलात उभी राहिलेली गर्दी. अल्फोन्सोच्या शवपेटीभोवती. मी जिवंत आहे हे कळलं तर त्यातला एक माणूस येणार नव्हता. कोण अल्फोन्सो? मी, मॉरीन, पाद्री आणि खड्डा खणणारे दोघे, संपलं मयत.

आमच्याकडे, माझ्या जन्मगावी केप कोस्टला, माणूस कसा जगला ते कुणी विचारत नाही. मयताला किती आले ते विचारतात. नवऱ्याने आयुष्यभर छळलं असलं तरी बाई लाल-काळं वस्त्र नेसून अख्खी गल्ली मागे घेऊन जाते. पुतण्या-भाचे उसने पैसे काढतात, लांबच्या गावचे लोक येतात, ढोल, गाणी, कुणीही उपाशी परत जायचं नाही. एकट्याने मातीत जाणं ही शिवी आहे आमच्यात, भांडणात देतात ती शेवटची शिवी: तुला पुरायला कुणी येणार नाही. माझी आई गेली तेव्हा मी इथे चिखलात बॉलमागे पळत होतो. बातमी आली तेव्हा तिला पुरून पंधरवडा झाला होता. पण गर्दी होती. समुद्रापर्यंत माणसं होती, असं मामाने कळवलं, आणि त्या एका वाक्यावर मी तो हिवाळा काढला. मी नॉर्मनला म्हटलं, “गुरुवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. तू मला बघितलंच नाहीस.” “का पण?” “दोन दिवस मी मेलेलाच बरा.” त्याने हात फडक्याला पुसले. “एको, हे पाप आहे रे.” “असू दे. वजडी दे. आणि व्हिनेगर कमी, मेलेल्या माणसाला जळजळ होते.” तेव्हा कुठे त्याने पहिली शिवी दिली आणि मला जरा बरं वाटलं.

हॉस्पिटलला बसने गेलो, मफलर नाकापर्यंत ओढून. वॉर्डातली मोठी नर्स आयरिश होती, आमच्या गावची नाही, फुटबॉलचं तिला सोयरसुतक नाही. “तुम्ही भाऊ का?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, “चांगला माणूस. फार हसवायचा. फुप्फुसं पार गेली होती. मी फुटबॉल खेळायचो, माझ्या एका गोलने आख्खं गाव वाचलं, असं सांगायचा. आम्ही म्हणायचो, बरं बाबा, झोप आता.” रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं वाफेत उभा होता तो, फुप्फुसं जाणार नाहीत तर काय होईल? खाली थंड खोलीत त्यांनी चादर बाजूला केली. माणूस इतका लहान होतो? ज्या मांड्यांनी तो धावायचा त्या माझ्या मनगटाएवढ्या. उन्हाळ्यात भेटलो होतो तेव्हा खोकत होता, मी म्हटलं होतं डॉक्टरला दाखव, तो म्हणाला, “डॉक्टर काय बघणार, तो पण मला एकोच म्हणतो.” आणि डॉमिनोची सोंगटी अशी आपटली की मॉरीनच्या बशीतला चहा सांडला. त्या खोलीत उभा राहून मला रडू आलं नाही, राग आला. लेका, नर्सला सांगितलंस गोलचं, मला नाही सांगितलंस की मरतोयस!

तो गोल. सांगायलाच हवा. सीझनची शेवटची मॅच, हरलो तर खालच्या गटात, आणि पाऊस असा की मैदानाचं तळं झालेलं. बॉल चिखलात रुतून बसला होता, सगळे त्याच्याभोवती लाथा झाडत होते. अल्फोन्सोने बॉलला लाथ मारलीच नाही, बुटाच्या पुढच्या टोकाने तो चिखलातून वर उचलला, बाई डबक्यातून भांडं काढते तसा अलगद, आणि पडायच्या आत फटकावला. मी काठावर काठी टेकून उभा होतो. माझ्या शेजारचे लोक मला मिठ्या मारत होते! मला! गावात आजही तो गोल सांगतात, दारूच्या गुत्त्यात ग्लास आणि बशी मांडून दाखवतात, आणि प्रत्येक वेळी तो गोल मी केलेला असतो. मी म्हणतो, अहो, मी तेव्हा काठी टेकत होतो, तो अल्फोन्सो. ते डोळा मारून म्हणतात, बघा, किती नम्र! अल्फोन्सोसमोर सांगायचे हे. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “सुंदर गोल केलास हो, एको.” नंतर आम्ही दोघंच चालत घरी जायचो तेव्हा तो वाटेतला एकेक दगड लाथेने उडवत चालायचा. एकदाच म्हणाला, “पहिल्याची गोष्ट होते. दुसऱ्याची नुसती भरती.” आणि लगेच, “चल, भूक लागली, तुरी शिजवल्यात भातात, वर मिरची टाकू.” त्याच्या घरातला वास आठवतोय मला, नारळाचा आणि ओल्या भिंतीचा. लग्न केलं नाही त्याने. एक बाई होती, शाळेत शिकवायची. तिच्या बापाने विचारलं तू कोण, तर हा म्हणाला अल्फोन्सो प्रेस्कॉड, तर बाप म्हणाला, खोटं बोलतो, हा तर एको, हा विवाहित आहे. आम्ही यावर वर्षानुवर्षं हसलो. मी तरी हसलो.

मॉरीनला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. माझी बायको इथलीच, मिलमधली. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ओठांकडे बघून ऐकते आणि मोठ्याने बोलते. “मी विधवा झाले आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!” ती म्हणाली. “थांब, काळी हॅट काढते. तुझ्यापेक्षा तुझ्या मयतात जास्त मजा येईल.” मग मी कोण गेलं ते सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली. हात पुसले, खुर्चीत बसली आणि बराच वेळ रडली. अल्फोन्सो तिला राणीसाहेब म्हणायचा. मग मी माझा बेत सांगितला, तशी तिने मान वर केली. “हे बरं नाही, एको. लोक ज्याच्यासाठी रडतात त्याच्यासाठीच रडतात. माणसं काय कपभर साखर आहे, शेजारून उसनी आणायला?” मी म्हटलं, “पेटीत कोण आहे ते पेटीतल्याला माहीत आहे ना? गर्दी दिसली म्हणजे झालं.” “कुणाला दिसली म्हणजे?” यावर मी ओरडलो. ती ओरडली नाही. उठली आणि रस्त्याकडचे पडदे ओढून घेतले. इथे घरात कुणी गेलं की असे पडदे ओढतात. समोरच्यांनी ते बघून आपलेही ओढले, मग त्यांच्या शेजारच्यांनी. बघता बघता आमची आख्खी गल्ली डोळे मिटून बसली.

बुधवार मी त्या अंधारात काढला. मेलेला माणूस दिवसभर काय करतो? चहा पितो. दाराला कान लावतो. लोक येत होते, मॉरीन दार अर्धवट उघडून “हो, हो, उद्या या, नक्की या” म्हणत होती, आणि मी जिन्याखाली कोटांच्या मागे उभा राहून माझी स्तुती ऐकत होतो. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. काय काय ऐकलं मी! माझं मन किती मोठं, माझे दात किती पांढरे. एक जण म्हणाला, “आपल्यात आणि त्याच्यात आम्हाला कधी फरक वाटलाच नाही बघा,” आणि त्याने मोठ्याने नाक शिंकरलं. नाव कळलं मला आवाजावरून. याच माणसाने आमच्या लग्नाच्या वर्षी मॉरीनशी बोलणं टाकलं होतं. पण सांगतो, मला लाज वाटायला हवी ती वाटली नाही. आवडत होतं. कोटांच्या त्या कुबट वासात उभं राहून मी आणखी ऐकायला आसुसलो होतो. प्रत्येक जण गेल्यावर वाटायचं, आणखी कुणी येईल का? आणि मधेच थंड खोलीतल्या त्या बारीक मांड्या आठवायच्या. एकही माणूस अल्फोन्सोबद्दल बोलला नाही. बोलणार कसा? एक म्हातारी तेवढी म्हणाली, “त्याच्याबरोबर एक मित्र असायचा ना, तसाच दिसणारा? त्याला कळवलंत का?” मॉरीन म्हणाली, “कळवलंय.” मग ती आत येऊन माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.

गुरुवारी मी मागच्या दाराने निघालो, मॉरीनच्या आधी, आणि टेकडीवर दफनभूमीच्या भिंतीपाशी एका झाडाआड उभा राहिलो. कोटाच्या खिशात जिनची बाटली होती. बेत साधा होता. गर्दी येईल, गाईल, जाईल. मग मी पुढे होऊन जमिनीवर दारू ओतीन, आमच्याकडे ओततात तशी, त्याचं नाव घेईन, त्याच्या आईचं नाव घेईन. नाव घेऊन ओतली तरच पोचते, नाहीतर नुसती माती भिजते. आणि गर्दी आली, देवा! वळणावरून येतच होती. बँड पुढे, मग क्लबचे कोट घातलेली माणसं, मग क्लबचे मफलर, मिलमधल्या बाया, गुत्तेवाला, हातात टोपी धरलेला नॉर्मन, चेहरा असा की आता फुटेल. चिखलात बूट रुतत होते आणि तरी येत होते. मी झाडाला धरून मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मनात म्हटलं, बघ लेका, बघ. कोण म्हणतं तुझी गोष्ट झाली नाही? आई गं, किती बरं वाटलं मला! पेटी खड्ड्यापाशी ठेवली. सगळ्यात पुढे काळ्या हॅटमध्ये मॉरीन. पाद्री तरुण होता, गावात नवा, त्याने हॉस्पिटलचा कागद बघून वाचलं: आपला बंधू अल्फोन्सो प्रेस्कॉड.

वाटलं, आता कुजबुज होईल. आता कळेल. माझ्या पुढ्यात, झाडाच्या पलीकडे, मफलर गुंडाळलेली एक बाई नवऱ्याला म्हणाली, “अल्फोन्सो? हे कोण?” तो म्हणाला, “त्याचंच नाव गं. एको हे आपलं खेळातलं. तिकडची खरी नावं अशी काहीतरी लांबलचक असतात.” “अगंबाई,” ती म्हणाली, “छान होतं की नाव. वापरायला हवं होतं त्याने,” आणि तिने डोळे पुसले. झालं. सगळीकडे तेच. माना हलल्या, कळलं, पटलं, पुढे चला. आयुष्यभर त्याला माझं नाव दिलं होतं, आता उरलंसुरलं त्याचं नाव काढून मला लावलं. पेटी दोरावर खाली जायला लागली. तो खड्ड्यात एकटाच चालला होता, एवढ्या गर्दीत, अगदी एकटा, आणि ही गर्दी मीच जमवली होती. मला राहवलं नाही. मी झाडाआडून निघालो आणि माणसं बाजूला सारत पुढे गेलो. “थांबा,” मी म्हणालो. “एको अमिसा मी आहे. मी मेलेलो नाही. हा अल्फोन्सो प्रेस्कॉड आहे. तो चिखलातला गोल याने केला. ऐका, तो गोल...”

पहिल्या दोन वाक्यांच्या पुढचं कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. आधी एक बाई किंचाळली. मग शांतता, आणि ही खरोखर टाचणी पडली तर ऐकू येईल अशी. मग नॉर्मन, दोन दिवस पोटात दाबून ठेवलेलं एकदम सुटल्यासारखा, ओरडला, “जिवंत आहे! म्हातारा जिवंत आहे!” आणि टाळ्या सुरू झाल्या. दफनभूमीत टाळ्या! आधी मागून, मग सगळीकडून, मग आरोळ्या. माझ्या अंगावर हात पडायला लागले, पाठीवर, गालावर, केसांवर. शुभ म्हणून केसांवर. “अरे चोरा!” “रडवलंस की रे आम्हाला!” “याला म्हणतात एको, मेला तरी मरत नाही!” मी म्हणत होतो, थांबा, तो तिकडे आहे, तिकडे बघा, पण मला फिरवून खड्ड्याकडे पाठ करून उभं केलं होतं आणि आख्खं गाव माझ्याकडे तोंड करून हसत होतं, रडत होतं. खिशातली बाटली कुणाच्या तरी हाताला लागली. “वा, तयारीनेच आलाय!” तो म्हणाला, आणि बूच काढून माझ्या आयुष्याच्या नावाने एक घोट घेऊन त्याने बाटली पुढे दिली. ती या हातातून त्या हातात गेली, तरुण पाद्र्यानेसुद्धा हसत नको म्हटलं, आणि परत आली तेव्हा रिकामी होती. बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी क्लबचं गाणं सुरू केलं.

मान वळवली तेव्हा गर्दीच्या फटीतून मला खड्डा दिसला. खणणाऱ्या दोघांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग माती लोटायला सुरुवात केली, त्यांना दुसरीकडेही जायचं असेल. तिथे फक्त मॉरीन होती, आमच्याकडे पाठ करून, हॅट हातात घेतलेली. तिला हे गाणं ऐकू जात होतं की नाही, माहीत नाही. मला उचललं होतं. दोघांनी मांड्यांना धरून खांद्यावर घेतलं होतं, या वयात, आणि खालून शेकडो तोंडं एकदम माझं नाव ओरडली, तीस वर्षांपूर्वी ओरडायची तशी. मॉरीनने वळून पाहिलं तेव्हा मी हात वर करून त्यांना हलवत होतो.